सिरपूर तलावावरची शपथ

स्नेहलतागंज, इंदूर
मार्गशीर्षातली एक दुपार

अहो,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. संसारात कधी म्हटलं नाही आणि आता तुम्ही नसताना म्हणायचं, म्हणजे वरातीमागून घोडं. 'अहो'च बरं. तिसऱ्या हाकेला का होईना, त्यावर तुम्ही वळून बघत होतात.

लिहायचं कारण असं, की तुमच्या होडी संघाच्या कामाला गेलेले देवळे मास्तर काल दिल्लीहून परत आले आणि आज सकाळी मी एक गोष्ट करून बसले. ती दुसऱ्या कुणाकडून तुमच्यापर्यंत पोचायच्या आत माझ्याकडूनच पोचावी.

मध्य भारत गेला हो! ऐन दिवाळीत गेला. भाद्रपदात तुम्ही गेलात आणि दोन महिन्यांनी तुमचं राज्यही तुमच्या मागोमाग. आता आपण मध्य प्रदेशात राहतो आणि राजधानी भोपाळला आहे. घर तेच, नळाला पाणी येत नाही तेही तसंच. पण राष्ट्रीय स्पर्धेत होड्या घेऊन उतरायची जी मान्यता तुम्ही तीन वर्षं चपला झिजवून मिळवलीत, ती 'मध्य भारत होडी संघा'ला होती. संक्रांतीनंतर स्पर्धा. आणि मध्य भारतच नाही तर त्याचा संघ कुठला?

देवळे स्पर्धा भरवणाऱ्या त्या दिल्लीच्या मंडळापुढे हात जोडून उभे राहिले. मला सांगत होते, "वहिनी, माणसं वाईट नव्हती. चहा पाजला. म्हणाले, मास्टरजी, आपकी बात सही है, लेकिन मध्य भारत अब है कहाँ? आता मी काय सांगणार?" नव्या राज्याचा नवा संघ व्हावा, त्याने नव्याने अर्ज करावा, मग दोन-तीन वर्षांनी बघू. आणि तो संघ होणार कुठे? भोपाळला! तलाव त्यांचा मोठा, राजधानीही त्यांचीच. आपल्याला कोण विचारतो?

देवळ्यांनी तुम्हाला वेळेवर सांगितलं नव्हतं का? त्या ओसरीवर बसून सांगत होते, "हवालदारसाहेब, राज्य राहतं की नाही ते आधी बघा." तुम्ही काय म्हणालात? "राज्य जाईल तेव्हा जाईल, तलाव थोडाच जातोय!" आणि स्वतःच हसलात. संस्थानची फौज मोडली तेव्हा तुम्हाला एकदा कळलं होतं, की टोपीवरचं नाव रातोरात पुसलं जातं. तरी पुन्हा नावावरच भरवसा टाकलात? तुमच्या या भाबडेपणाचा मला फार राग येतो. बोलायला समोर माणूस नाही म्हणून तर जास्तच येतो.

फौजेतून ड्रिल मास्तर झालात तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. म्हटलं, आता माणूस चार वाजता घरी येईल. कसला येतोय! कुठल्या गोऱ्या साहेबाकडे कापडी होडी बघितली होतीत म्हणे. बांबूच्या कामट्या आणल्यात, आणि मिलचा जाड कॅनव्हास आणून माझ्या शिलाई मशीनवर आदळलात. "शिव." एवढंच. सुया मोडल्या, बोटं सुजली, आणि घरभर कापडाला चोपडलेल्या जवसाच्या तेलाचा वास. शेजारच्या काकू विचारायच्या, "अगं, तुमच्याकडे नेमकं चाललंय काय?" मी म्हणायची, "आमच्याकडे आरमार बांधतायत."

पण पहिली होडी तरंगली तेव्हा मी काठावर टाळ्या वाजवल्या होत्या. हे तुम्ही बघितलंत का? मला कधी विचारायचा धीर झाला नाही.

शाळांचे हेडमास्तर तर तुम्हाला बघून दार लावून घ्यायचे. "मुलं बुडाली तर जबाबदार कोण?" त्यातल्या एकाला तुम्ही तलावावर नेलंत आणि त्याच्यासमोर मुद्दाम होडी उलटवून, बूट-पट्ट्यासकट पोहत बाहेर आलात. त्याने पोरं दिली. मग दुसऱ्या शाळेने दिली. पोरं तयार झाली आणि तुम्हाला कावीळ झाली, तीच शेवटी तुम्हाला घेऊन गेली. ती तुम्ही कुणाला कळू दिली नाहीत.

भोपाळच्या शर्यतीतली फजिती आठवते? आपल्या सिरपूर तलावात शिंगाड्याचे वेल. वल्हं त्यात अडकायचं, म्हणून पोरांना सवयच लागली, दर हाताला वल्हं पार डोक्यापर्यंत उचलायची. भोपाळचं पाणी स्वच्छ, एक वेल नाही, तरी आपली चौघं पोरं वल्ही आभाळात नेतायत! काठावरून कोणीतरी ओरडलं, "अरे भिया, नाव चला रहे हो कि छत पे कवेलू चढ़ा रहे हो?" म्हणे छपरावर कौलं चढवताय का! सगळा काठ हसला. आपण शेवटचे आलो. 

दुसऱ्या दिवशी तुम्ही शिंगाडेवाल्यांच्या पाया पडलात आणि तलावाच्या मधोमध एक पट्टा मोकळा करून घेतलात. आणि त्याच दिवशी ती शपथ. चौघांना गुडघाभर पाण्यात उभं केलंत, ओंजळीत पाणी घ्यायला लावलंत आणि वदवून घेतलंत, की देशाच्या स्पर्धेत एकदा मध्य भारताच्या नावाने उतरल्याशिवाय कोणी आपला होडी क्लब सोडणार नाही. मी काठावरून बघत होते.  पोरांचं वय शपथा घ्यायचं असतं का हो? त्यांना ती खरी वाटते!

आणि त्यांनी ती पाळली. विनायकने रतलामच्या रेल्वेतलं बोलावणं एकदा परत धाडलं. सांवेरच्या भेरूचा बाप दर आठवड्याला निरोप पाठवतो, की शेत कोण बघणार? छत्रीबागेतले ते दोघे भाऊ मिलमध्ये लागणार होते, ते थांबले. तुम्ही गेल्यावर तर चौघं जास्तच हट्टाने वल्हवायला लागले. मास्तरांना शब्द दिलाय, म्हणायचे.

म्हणून आज सकाळी मी त्यांना घरी बोलावलं. चहा दिला आणि देवळ्यांनी आणलेलं सगळं सांगितलं. मग भेरू म्हणाला, "काकीजी, अब अपण कणका नाम से खेलांगा?"

आता कुणाच्या नावाने खेळायचं, काय सांगू त्याला? तुम्ही असता तर काही ना काही ठोकून दिलं असतंत. मला नाही जमलं. मी म्हटलं, "बाळांनो, मास्तरांनी घातलेली शपथ मी उतरवते. क्लब आजपासून बंद. जा, आपापल्या कामाला लागा."



खरं सांगू? मला वाटत होतं, एक तरी पोरगा म्हणेल, "काकी, नाही." भांडेल, रडेल, भोपाळला जाऊन नव्या संघाच्या दारात बसू म्हणेल. एक जरी म्हणाला असता तरी मी पुन्हा मशीनवर बसले असते हो!

विनायकने हळूच विचारलं, "मग काकी, रतलामला होकार कळवू?" अजून जागा राखून ठेवली होती रेल्वेवाल्यांनी. म्हणजे त्याने आधीच विचारून ठेवलं होतं. छत्रीबागेच्या भावांनी कप विसळून पालथे घातले, पाया पडले आणि गेले. जिन्यात मला त्यांचं हसणं ऐकू आलं. त्यांचा दोष नाही. डोक्यावरचं ओझं उतरलं की माणूस हसतो. भेरू तेवढा रडला, अगदी हुंदके देऊन रडला. पण सांवेरची दुपारची बस त्याने चुकवली नाही.

शिंगाडेवाल्यांचा माणूसही येऊन गेला. मोकळा पट्टा अजून लागणार का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, येत्या पावसात लावा वेल.

अहो, तुमचं सगळं मी एका सकाळीत मोडून टाकलं. तुम्ही रागवाल का? रागवा. आता या घरात रागवायला तरी कोण आहे? संध्याकाळी मी कुणाची वाट बघायची, तेवढं कळत नाही. आधी तुमची बघायचे, मग तलावावरून परतणाऱ्या पोरांची.

एक वचन मात्र देते. गावात उद्यापासून बोलतील, की मास्तर गेले आणि पोरांनी वर्षही न सरता पाठ फिरवली. तसं मी कुणाला बोलू देणार नाही. त्यांनी शब्द पाळला, क्लब मास्तरांच्या बायकोने बुडवला, असं मी जिथे तिथे सांगेन. आणि पोरांच्या जाण्याने मला वाईट वाटलं, हे त्यांना जन्मात कळू देणार नाही.

तुमची,
शालिनी