कपडे कमी, पुस्तकं जास्त

अहो,

मी मावशीच्या रिकाम्या घरी आठ दिवस राहायला जातेय. पहिल्या बसने निघतेय. तुम्ही गाढ झोपला आहात म्हणून उठवलं नाही. उठवलं असतं तर बहुतेक माझंच जाणं राहिलं असतं.

भाजी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लावून घ्या. गणवेशाचे शेवटचे बारा स्कर्ट इस्त्री करून काउंटरवर ठेवलेत. शाळेच्या बाई दुपारी न्यायला येतील. उन्हाळाभर मशीनवरून मान वर करायला फुरसत मिळाली नाही, म्हणून पिशवीत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त भरली आहेत. वाचता वाचता डोळा लागला तर खुशाल झोपणार आहे.

परवा कॉलर उलटी लागली, ती चूक माझीच. पण गिऱ्हाइकांसमोर तुम्ही "डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणालात, ते अजून मनातून जात नाही. तरी रुसून गेले असं समजू नका. रुसले असते तर चिठ्ठी लिहिलीच नसती.

शनिवारी दुकान लवकर बंद करून या. तुमच्यासाठीही एक जाडजूड पुस्तक घेतलंय. आल्यावर माफी वगैरे मागत बसू नका. दोघांचा चहा करा आणि शेजारी बसून वाचा.