शुक्रवारची गैरहजेरी

प्रिय आई,

तुझा फोन येतो तो दोन बैठकांच्या मधल्या फटीत, आणि फोनवर माझे वाक्य जुळेपर्यंत समोरच्याचा धीर सुटतो. म्हणून लिहिते आहे. शिवाय पत्र लिहिताना बाबा शेजारी बसून 'सगळे ठीक आहे म्हणून सांग' अशा खुणा करू शकत नाहीत.

तुमचे अधिवेशन आम्ही रोज पाहतो. तुझा बाक मागच्या रांगेत, त्यामुळे बहुतेक वेळा तुझा डावा खांदाच दिसतो; तरी बाबा खुर्ची पुढे ओढतात. परवा प्रश्नोत्तराच्या तासात तू बंद पडलेल्या प्रसूतिगृहाबद्दल विचारलेस, तेही स्वतःच्याच पक्षाच्या मंत्र्यांना, आणि ते गडबडून कागद चाळू लागले, तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या. पूर्वी अशा वेळी ते 'वा, बाईसाहेब!' असे ओरडत, की शेजारच्या काकू दार उघडून पाहत.

सातवीत असताना संसदेची रचना आणि अधिकार हे प्रकरण तू मला भाजी निवडता निवडता शिकवले होतेस. तू म्हणजे खालचे सभागृह, लोकांनी थेट निवडून दिलेले, पैशाबाबत शेवटचा शब्द ज्याचा. बाबा वरचे सभागृह. कायदा करायचा तर त्यांचीही संमती हवी, पण खर्चाच्या बाबतीत चार सूचना करून थोडा उशीर लावण्यापलीकडे त्यांचे काही चालत नाही. आणि मी सरकार. सहलीला जायचे असेल तर आधी तुमची मंजुरी घ्यायची, परत आल्यावर तुम्ही विचाराल त्याचे उत्तर द्यायचे, आणि तुमचा विश्वास उडाला की पायउतार व्हायचे. बाबांनी तेव्हाच तक्रार नोंदवली होती, की या घरात वरच्या सभागृहाला मान डोलावण्याखेरीज कामच नाही. परीक्षेत मी हे सगळे शुद्ध भाषेत लिहिले आणि वर्गात पहिली आले. आता मात्र ते उत्तर नव्हे, आपण तिघे एका टेबलाभोवती बसलो होतो तेवढेच आठवत राहते. तू कपाटाचे दार उघडे टाकायचीस म्हणून मी चिडत असे. हल्ली ते सदा बंद असते, आणि मी उगाचच जाऊन उघडून ठेवते.

शुक्रवारी अर्थसंकल्पावर मतदान आहे. तुमच्या बाजूला जेमतेम दोन मते जास्त, आणि अर्थसंकल्प फेटाळला गेला तर सरकारला जावे लागेल, हे मला ठाऊक आहे. प्रतोदांनी हजर राहण्याचा पक्षादेश काढला आहे आणि तो मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, हेही. म्हणूनच बाबांनी मला तुझ्यापाशी अवाक्षर काढू दिले नाही. आई, त्यांचा घसा सर्दीने बसलेला नाही. घशात गाठ आहे. शुक्रवारी सकाळी शस्त्रक्रिया आहे आणि डॉक्टरांना स्वरयंत्र काढावे लागणार आहे. त्यानंतर बाबांचा हा आवाज उरणार नाही. आजही उरला आहे तो कुजबुजण्यापुरता, आणि तोही ते माझ्यावर खर्च करत नाहीत. कुणासाठी राखून ठेवला आहे ते त्यांनी सांगितलेले नाही; पण मला कळते.

तेव्हा तुला न विचारता मी एक गोष्ट केली. रविवारी बसने शेजारच्या मतदारसंघात जाऊन, तू ज्यांना 'तोफ' म्हणतेस, त्यांना भेटले. होय, तेच विरोधी पक्षाचे वकीलसाहेब, जे तुला एक भाषण धड पुरे करू देत नाहीत. कामे घेऊन आलेल्या लोकांच्या रांगेत बसले, आणि माझी पाळी आली तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. त्यांना वाटले, शिफारसपत्र हवे असेल. शेवटी वाटेत पाठ केलेले सगळे एका दमात म्हणून टाकले, की दोन्ही बाजूंचा एकेक सदस्य ठरवून गैरहजर राहिला तर मतांचा फरक तोच राहतो, अशी जुनी प्रथा आहे, तर शुक्रवारी माझ्या आईसाठी आपण घरी थांबाल का? का, तेही सांगितले. त्यांनी चष्मा काढला आणि तुला हे ठाऊक आहे का, असे विचारले. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग म्हणाले, "तुझी आई नसेल तर मी तिथे भांडू कुणाशी? थांबतो घरी."

दोन्ही प्रतोदांशी ते स्वतः बोलले आहेत आणि दोघांनीही होकार दिला आहे, तेव्हा पक्षादेश मोडल्याचा ठपका तुझ्यावर येणार नाही. हे पत्रही त्यांनीच तुझ्या हातात दिले असेल. चिडू नकोस, खात्रीने पोचवील असा दुसरा माणूस मला सुचला नाही.

गुरुवारी सकाळच्या गाडीने निघ. बाबांना मी यातले काही सांगितलेले नाही. तू आलीस की मी स्वयंपाकघरात जाईन आणि दार लोटून घेईन. त्यांचा आवाज आता दारापलीकडे पोचत नाही, तेव्हा मला काही ऐकू येईल ही काळजी नको. तू फक्त त्यांच्या अगदी जवळ बस.

तुझीच,
वाट पाहणारी लेक