आत्याचा चिंचोका

४ फेब्रु.
म्युझियमच्या मॅडम पुण्याहून आल्या. वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, पेटीतले बारा फोटो मोठे करून आमच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये लावले. जन्मभर तळेगावात स्टुडिओ चालवला बिचाऱ्यांनी, पण ओळख काय, तर पासपोर्ट फोटोवाला. आज असते तर... पुण्याच्या प्रदर्शनाला कुठले तीन न्यायचे ते इथले लोकच ठरवणार. प्रत्येक फोटोखाली डबा, मताला माणशी एक चिंचोका. चिंचोक्याची कल्पना माझी. मॅडम म्हणाल्या, "ब्रिलियंट!" हरखले. हरखायला टपलेलीच असते मी.

७ फेब्रु.
बाजार. मेथीच्या जुड्या काखेत धरून बाया येत होत्या. दु. पर्यंत चिंचोके संपले, शेजारून आणले. सगळ्यात जड डबा आत्याच्या फोटोचा. खरकट्या पातेल्यांच्या ढिगापाशी पोट धरून हसणारी पोरगेली बाई. "काय मोकळी हसतीया गं! आपुन कवा हसलो आसं?" ही कोण, मी कुणाला सांगितलं नाही.

१० फेब्रु.
राहू गावाहून आत्याचा फोन. कुणीतरी मोबाईलवर दाखवलंच.
"मंगल, तो फोटू काढ तिथनं."
म्हटलं, अगं, लोकांना किती आवडतोय!
"लोकास्नी काय म्हाईत? सासऱ्याचं तेरावं व्हतं त्या दिशी. तुझ्या बापानं कायतरी बोलून हसवलं, फोटू मारला, आन् एस्टीत बसून गेला. मी तिथंच ऱ्हायले."
पुढचं लहानपणापासून ऐकत आलेय. 'म्हातारा गेला आन् ही दात काढतीया.' दिरांनी, जावांनी वीस वर्षं ऐकवलं. अजून हसताना तोंडावर पदर घेते. आणि पेटीतून तोच फोटो मी काढून दिला. माहीत असून.
"काढते," म्हणाले.

११ फेब्रु.
काढला नाही. स्टुलावर चढले, खिळ्यापर्यंत हात गेला. मग फोटोखालच्या कार्डावर दादांचं नाव दिसलं. म्हटलं, उद्या काढू. हलकट आहे मी.

१४ फेब्रु.
मोजणी. आत्या पहिली. मॅडमनी मिठी मारली. "लोकांचा कौल आहे, मंगलताई!" मला दिलेला पेढा शिपाईबाईच्या हातावर ठेवला.
सं. आत्याचाच फोन. "काढलास न्हवं?"
"व्हय." धडधडीत खोटं. जीभ कशी झडली नाही!
"गुणाची गं बाय माझी," म्हणाली.

२१ फेब्रु.
परवानगीचा कागद आलाय. दादांची वारस म्हणून माझी सही हवी. तो पिशवीत टाकून राहूला गेले, खरं सांगायला. आत्यानं आधी जेवायला वाढलं. पिठलं-भाकरी. शेवटी सांगून टाकलं एकदाचं. ती उठली, चंचीतून एक चिंचोका काढला.
"तेरा तारखेला आले व्हते मी. तू जेवाया गेलीवतीस. लई येळ बघत हुबी ऱ्हायले. वंगाळ न्हाई काढल्याला." तेरा! म्हणजे चौदाला विचारलं ते सगळं माहीत असून.
"तुमच्या शिपाईबाईनं हातात ह्यो दिला. म्हणली, आज्जी, आवडंल त्या डब्यात टाका."
"मग?"
"न्हाई टाकला. नगं म्हणायचा डबा कुठं व्हता?"
माझ्या तळहातावर ठेवला आणि भांडी घासायला बसली. मी घासते म्हटलं, तर हात बाजूला सारला.

२३ फेब्रु.
मॅडमचा फोन. "सही झाली ना? बुधवारी माणूस पाठवतेय." हो म्हणाले नाही, नाहीही म्हणवलं नाही. दादांचं नाव मोठ्या अक्षरात लावणार आहेत म्हणे. दादांनी ह्याचीच वाट बघत डोळे मिटले.
परवा राहूहून निघताना आत्याला विचारलं होतं, सही करू की नको, तू सांग. वर बघितलं नाही तिनं.
"आता इचारतीस व्हय?"
कागद आणि चिंचोका एकाच ड्रॉवरमध्ये ठेवलेत. सकाळपासून तीनदा उघडला.