भोकराचं लोणचं

सुमन,

सकाळच्या गाडीनं रक्त तपासायला जातोय. बन्सीधर सोबत आहे.

रक्ताचा कॅन्सर असला तरी नव्या गोळ्यांवर लोक वर्षानुवर्षं जगायलेत, असं डॉक्टर परवा म्हणाले आणि तू लगेच मान हलवलीस. वीस वर्षांत माझ्या एकाही वाक्याला तू इतक्या पटकन हो म्हटलेलं नाहीस. तुमचं दोघांचं आधीच ठरलेलं दिसलं.

म्हणून तू उठायच्या आत फळीवरच्या बरण्या तपासल्या. भोकराचं लोणचं या घरात मी एकटाच खातो. मी दवाखान्यात पडलेलो असताना तू यंदाही बरणी काठोकाठ भरलीस! डॉक्टर खोटं बोलेल, तूही बोलशील. पण वाया जाणार असेल तर तू एक भोकर घालणार नाहीस.

फडकं पुन्हा बांधलंय. चाखलं नाही. मुरू दे.

किशन