गाभ्यात काहीच नव्हतं

बिलोली

प्रिय अश्वजित,

‘प्रिय’ सवयीनं लिहून गेले. खोडत बसत नाही, पण त्यावर जाऊ नकोस. मी चिडलेली आहे, आणि आजची नाही, तेव्हापासूनची.

माहूरच्या खाली पैनगंगेच्या काठी आपण मशीन लावून चुनखडीचा खडक खोलवर कापला. मनगटाएवढा जाड, लांबलचक दगड वर आला आणि तू धुळीतच नाचलास. खडक अब्जभर वर्षांचा. जिवाणू मरतात, पण त्यांच्या पेशींच्या आवरणातल्या चरबीचा सांगाडा दगडात टिकतो, त्यावरून तिथं कोण जगून गेलं ते ओळखता येतं, हे आपल्या पीएचडीच्या सरांनीच आपल्याला शिकवलेलं. नांदेडला प्रयोगशाळेत ती चरबी आपल्या दगडात दिसली तेव्हा तू ओरडलास, “मने, ऊन खाऊन प्राणवायू सोडणारे जीव इथं होते, आपल्या मराठवाड्यात!” मला रडूच आलं. त्या आठवड्यात आईनं तुला जावई समजून धपाटे खाऊ घातले.

मग मी मशीनचं वंगण तपासलं. त्यातही तीच चरबी, त्याच प्रमाणात. खनिज तेलापासून केलेलं वंगण, त्यात जुन्या जिवांचे अंश असणारच. सगळ्यात आधी तुला सांगितलं, कारण आपलं लग्न ठरलं होतं. तू म्हणालास, “थोडं थांब, मी सरांशी बोलतो.” बोललास की! विभागाच्या बैठकीत, भरल्या हॉलमध्ये उभा राहून म्हणालास, “मनिषाचे हात स्वच्छ नसतात. तिच्याकडचे नमुने खराब झाले, माझे ठीक आहेत.” सगळे माझ्या हातांकडे बघत होते.

हात स्वच्छ नसतात. आपल्या आज्या-पणज्यांना गावानं हेच ऐकवलं, अश्वजित. एकाच विहारात वंदना म्हणत आपण लहानाचे मोठे झालो. दुसरं काहीही म्हणायचं होतंस. मला काम येत नाही म्हणायचं होतंस. नेमकं हेच कसं सुचलं तुला?

तुझा लेख छापून आला, लातूरला नोकरी लागली. मला प्रयोगशाळा बंद झाली. तुमच्या घरून लग्न मोडल्याचा निरोप आला, “पोरगी लई हट्टी हाय.” बायका विचारतील म्हणून आई कितीतरी दिवस विहाराकडं फिरकली नाही. मी इथं अकरावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवून राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत सरांकडे गेले. म्हटलं, “उरलेला दगड हैदराबादला पाठवा. पेटी तुम्हीच बंद करा, मी हात लावणार नाही.” सर कपाटाची किल्ली शोधायला उठले. हैदराबादच्या प्रयोगशाळेत शरणम्मा मॅडमनी दगडाचा एकेक थर वेगळा कापून तपासला. बाहेरच्या सालीत चरबीच चरबी, आत जावं तशी कमी, आणि गाभ्यात काहीच नाही. मुळातली असती तर आतबाहेर सारखी असती. वंगण बाहेरून झिरपलं होतं. ते जीव तिथं असतीलही, मला अजून वाटतं, ते होते. पण हा दगड ते सांगत नाही.

काल सरांचा फोन आला. तू त्यांना म्हणालास म्हणे, हे नवं काम दोघांच्या नावानं छापू, म्हणजे जुनं मिटून जाईल. मनिषाला तेवढं समजावा. तू मला फोनही केला नाहीस, म्हणून पत्रानं उत्तर देते. नाही. माझ्या नावाशेजारी तुझं नाव येणार नाही. तुझा लेख तू स्वतः मागे घे. आणि त्याच हॉलमध्ये उभा राहून सांग, की घाण मशीनच्या तेलाची होती, मनिषाच्या हातांची नव्हती. तेव्हा तुझं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं होतं. आताही तेवढ्याच मोठ्यानं बोल.

तुझी कुणीच नसलेली,
मनिषा