लंगडतंय कोण

आबा,

रविवारी मला कुत्र्यांच्या शोमधून बाहेर काढत होते. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, कुत्र्यांचा कसला आलाय शो, आणि तेही तुमच्या त्या आवाजात. लूमच्या खात्यात, त्या मागांच्या खडखडाटात जन्म काढून तुमचे कान गेले होते, त्यामुळे आपल्या घरात कुणी मीठ मागितलं तरी गोडादऱ्याच्या अख्ख्या गल्लीला कळायचं. तर ऐका. असतो कुत्र्यांचाही शो. लग्नाच्या पार्टी प्लॉटच्या हिरवळीवर दोरी लावून चौक आखतात, त्याला रिंग म्हणतात. आपण कुत्र्याला पट्ट्यानं धरून आत पळवायचं. मधे जज उभा असतो, तो दात बघतो, पाठ बघतो, आणि सगळ्यात जास्त चाल बघतो. कुत्रं सरळ, एका लयीत पळायला हवं. आणि पळवणार कोण, तर तुमची पोलिओवाली लेक, डाव्या पायात लोखंडी कॅलिपर घालून. हसा आता पोट धरून.

मी कतारगामला जनावरांच्या डॉक्टरांकडे काम करते, कुत्र्यांना आंघोळ घालायचं, केस-नखं कापायचं. तिथे एका शेठाणीच्या कारवान जातीच्या शिकारी कुत्रीला पिल्लं झाली आणि आई आजारी पडली. मी बाटलीनं दूध पाजून ती वाढवली. त्यातली एक शेठाणीनं मला दिली, खानदानाच्या कागदांसकट. लांब पायांची, अंगानं सडपातळ, वाऱ्यासारखी. मी तिचं नाव ठेवलं भिंगरी. डॉक्टर म्हणाले, ही शोमध्ये जायच्या लायकीची आहे, पण पळवायला एखादा माणूस बघ. माणूस म्हणजे काय, मी कोण आहे मग? माझ्या नाकावरचा राग तुम्हाला माहीत आहे, तुमच्याकडूनच आलाय. मी म्हटलं, पळवीन तर मीच, नाहीतर कुणी नाही. शोवाल्यांनीही फोनवर तेच सांगितलं, ताई, हॅण्डलर लावा, तुम्हाला त्रास होईल. त्यांनाही तेच उत्तर दिलं.

वर्षभर मी तिला आमच्याच गल्ल्यांतून शिकवलं. बाकीचे लोक कुत्र्याला इंग्रजीत हुकूम देतात. माझ्या तोंडात ते शब्द बसेनात. बाजूला चाल, हे सांगायला मी आपला घरचाच शब्द घेतला, ‘संगे’. पट्टा हलवायचा आणि म्हणायचं, संगे. आठ दिवसांत शिकली ती. शब्द तोंडातून निघायच्या आत माझ्या डाव्या पायाला येऊन चिकटायची. कुत्र्याला डाव्या हातालाच ठेवायचं असतं, आणि माझा अधू पाय नेमका डावा. मला वाटायचं, शिकवावं तर आपणच. दोन शोमध्ये गेलो, दोन्हीत शेवटचा नंबर. कागदावर लिहून आलं, चाल सदोष. मी तो कागद फाडून टाकला. मला वाटलं, माझा पाय बघून हिचे मार्क कापतात मेले.

म्हणून रविवारी मी दात-ओठ खाऊनच गेले होते. आमच्या गटात चार कुत्र्या. माझ्या पुढे एक गुजराती हॅण्डलरभाई, पन्नाशीचा, पोट सुटलेला, पण पळायला लागला की चपळ. आमची पाळी आली. मी म्हटलं, संगे, आणि निघाले. कॅलिपरची कडी दर पावलाला खट करते, ती मलाच मोठी ऐकू येत होती. एक बाजू संपली, वळण घेतलं, पाय घसरला नाही. मनात म्हटलं, झालं, आता फक्त परत यायचं. तेवढ्यात जजनं हात वर केला. उंच, कोट घातलेला, बाहेरगावचा माणूस. म्हणाला, “मॅडम, लंगडा रही है.”

आबा, माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दोरीपलीकडे खुर्च्यांवर शे-दीडशे माणसं बसलेली, शेठाणी पुढच्या रांगेत. मी सरळ त्याच्या तोंडावर बोलले, “हां, लंगडाती हूँ. दो साल की थी तब से. आपको क्या तकलीफ है?” तो माणूस कानापर्यंत लाल झाला. मग हळू आवाजात म्हणाला, “आप नहीं, मॅडम. डॉग.”

मी खाली बघितलं. भिंगरी उभी होती, जीभ बाहेर, मजेत. जजनं गुडघ्यावर बसून तिचा एकेक पाय दाबून बघितला, नखं बघितली, पंजाच्या बोटांमध्ये काटा शोधला. ती हूं की चूं करेना. त्यानं मला पुन्हा दहा पावलं चालायला लावलं. या वेळी मी मान वळवून तिच्याकडेच बघत चालले. माझा डावा पाय पडला की माझं अंग डावीकडे झुकतं ना, तशी ती झुकत होती. मी पाऊल ओढायची तेवढा वेळ ती आपला पुढचा पंजा जमिनीवर नुसता टेकवून धरायची, माझं येईपर्यंत. मग पुढे. वर्षभर मी समोर बघून चालत होते. मला दिसणार कसं?

लंगड्या कुत्र्याला रिंगमधून बाहेर काढतात, तसा नियमच आहे. जज म्हणाला, पाय तर सगळे ठीक दिसतात, पण मी चाल बघितल्याशिवाय हिला ठेवू शकत नाही. एक संधी देतो, दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या. हॅण्डलरभाईनं आपली कुत्री बायकोच्या हाती दिली आणि माझ्यापुढे हात केला. “लावो बेन, हुं दोडावी आपुं. खोटुं ना लगाडता.” द्या, मी पळवतो, वाईट वाटून घेऊ नका म्हणे! पट्टा मी मुठीला दोन वेढे देऊन धरला होता. बोटं पांढरी पडली तरी मूठ उघडेना. दिला तर सगळ्यांचंच खरं, पळवायला माणूस लागतो. नाही दिला तर माझ्यापायी या धडधाकट जिवाला लंगडी ठरवून बाहेर काढणार. तो हात तसाच माझ्यापुढे, जज घड्याळ बघतोय, आणि मला, आबा, त्या भर रिंगमध्ये तुम्ही आठवलात.

मी अकरा वर्षांची. शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन खात्यात आले आहे. लूमचा तो कडकडाट, हवेत उडणारा सुताचा भुसा, आणि तुम्ही दोन रांगांमधून ताडताड चालताय, इकडचा तुटलेला धागा जोडला की लगेच तिकडे. अगदी सरळ, ताठ. मी दारात उभी राहून बघतच राहिले. कारण माझ्याबरोबर चालताना तुम्ही असे नव्हताच चालत. शाळेत सोडायला यायचात तेव्हा माझ्या डाव्या बाजूला राहून तुम्हीही झुकत, पाय ओढत यायचात. मला वाटायचं, बाराबारा तास उभं राहून तुमचेही पाय गेलेत. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, बघा, बापलेक दोघं लंगडे. आणि इथे बघते तर काय, तुम्हाला काहीसुद्धा झालेलं नाही!

त्या दिवशी तुमची पाळी सुटली आणि आपण भाजीबाजारातून घरी निघालो. तुम्ही माझ्या बाजूला आलात आणि झुकायला लागलात. मी हातातला रिकामा डबा रस्त्यावर आपटला आणि भर बाजारात ओरडले, “मनी नक्कल नका करू!” तुम्हाला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा ओरडले. मग मी माझी नक्कल म्हणतेय हे तुम्हाला कळलं, आणि तुमचा चेहरा कसा झाला ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, “मी ते तुना संगे चाली ऱ्हायनू, माय.” तुझ्याबरोबर चालतोय, इतकंच. तेही तुमच्या त्याच आवाजात, त्यामुळे भाजीवाल्या मावश्या वळून बघायला लागल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही वाकून डबा उचललात, त्याची पोचलेली कड अंगठ्यानं दाबून बघितलीत, आणि पुढे चालायला लागलात. सरळ, ताठ, खात्यात चालायचात तसे.

त्यानंतर तुम्ही कधीच माझ्या बाजूला चालला नाहीत. पुढे जायचात आणि कोपऱ्यावर थांबायचात. मी दिसेनाशी झाले की हाक यायची, “मी आठेच उभा शे!” इथेच उभा आहे म्हणून. कॉलेजात जाईपर्यंत हेच. मी ते मनात धरून ठेवलं होतं की माझा बाप मला चिडवायचा आणि मी त्याला थांबवलं. तुम्ही जाईपर्यंत, आणि त्यानंतरची ही सोळा वर्षंही. रविवारी सकाळी अकरा वाजता, एका कुत्रीचा पंजा बघून, मला कळलं. कपाळ माझं, दुसरं काय.

मी मूठ उघडली. पट्टा हॅण्डलरभाईच्या हातात दिला. पण भिंगरी हलेना. तो जीभ टाळ्याला लावून आवाज काढतोय, खाऊ दाखवतोय, ही आपली मान मागे वळवून माझ्याकडे बघतेय. मी संगे म्हटलं असतं तर ती माझ्याकडेच आली असती. लांब जा, असं मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. जज म्हणाला, बस झालं, मॅडम. मग मी म्हटलं, “जाय.” आणि तिच्याकडे पाठ फिरवली. पाठीला डोळे फुटावेत असं वाटत होतं. दोन श्वास गेले असतील, हिरवळीवर पंजांचा आवाज आला, टपटपटप, एकसारखा. मला राहवलं नाही, वळले. आबा, काय पळत होती ती! पाठ सपाट, पाय लांब, जमिनीला नुसती शिवून जात होती. इतकी सुंदर आहे हे मलाच माहीत नव्हतं. मी भर रिंगमध्ये ढसाढसा रडले आणि लोकांना वाटलं, जिंकायच्या आनंदानं.

दुसरा नंबर आला. जजनं फीत हॅण्डलरभाईच्या हाती दिली, त्यानं ती माझ्या हाती ठेवली. भला माणूस. म्हणाला, पुढच्या वेळी मीच पळवतो, आणि घरी चालताना झुकली की एक चापट ठेवून द्या, सवय सुटेल. मी मान हलवली. पट्टा घेतला, संगे म्हणायचीही गरज पडली नाही. दारापर्यंत जाईतो ती माझ्या डाव्या बाजूला पुन्हा झुकायला लागली होती.

तिला मी चापट मारणार नाही. रिंगमध्ये तो पळवील, मी दोरीबाहेर पाठ करून उभी राहीन. घरी येताना मात्र ती तिला हवी तशी येईल. हे कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील, म्हणून तुम्हाला लिहिलं. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच आहे. फितीबरोबर तिच्या कागदांच्या फाईलमध्ये ठेवून देईन.

एक मात्र राहिलं. तुम्ही कोपऱ्यावर थांबायचात ना, हाक मारायचात, तेव्हा मला काही इतका वेळ लागायचा नाही. मी मुद्दाम हळू चालायची. वाटायचं, कंटाळून तुम्ही परत माझ्या बाजूला याल.