न विझवलेली चिमणी

आई, आज माढ्याजवळच्या एका वस्तीवर मी उन्हावर चालणारे दिवे वाटायला गेले होते. तिथे विजेचे खांब अजून पोचलेले नाहीत. निवृत्त झाल्यापासून बचत गटाच्या बायका मला अशी कामं सांगतात आणि मी जाते. दिवा तळहाताएवढा आहे, पाठीला काळी काच. दिवसभर उन्हात ठेवायचा, अंधार पडला की बटण दाबायचं. एका म्हातारीने तो उलटासुलटा करून पाहिला. "बाई, ह्यात राकेल कुटनं वतायचं?" तिची सून म्हणाली, "आत्या, ऊन वतायचं. त्ये लई हाय की आपल्याकडं. रेशनला उभं ऱ्हायाला नगं." सगळ्या हसल्या. दिवा लागला तशी म्हातारीने हात जोडले आणि मला बजावलं, "आता इझवू नगा. तिन्हीसांजंला लावल्याला दिवा आपून हून इझवायचा न्हाय." मीही हसत होते, ते तिथेच थांबलं. असं बोलणारी दुसरी बाई मला इतक्या वर्षांत भेटली नव्हती.

भवानी पेठेतली आपली खोली. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल, मी चौथीत होते. खोकल्याच्या औषधाची बाटली, तिच्या पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने पाडलेलं भोक, त्यातून वर आलेली चिंधीची वात. ती चिमणी तूच केली होतीस. तिच्या उजेडात तू मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेस, मी शेजारी बसून पाढे लिहिते. काजळी इतकी, की सकाळी नाक शिंकरलं की काळं येतं. तेल सरत आलं की तू चिमणी न विझवताच भरायचीस. जळत्या वातीसकट झाकण डाव्या हातात धरायचं आणि उजव्या हाताने डब्यातलं रॉकेल बाटलीत ओतायचं. बाबांची दुपारपाळी असायची. ते गिरणीतून घरी येईपर्यंत दिवा विझता कामा नये, हा तुझा नेम. मी वही बाजूला सरकवून श्वास रोखून बघत राहायची.

शाळेत बाईंनी सांगितलं, की दिवा आधी विझवा, गार होऊ द्या, मग तेल भरा. मी घरी येऊन तुला ते सांगितलं. तू हसलीस. "तुझ्या बाईच्या घरी बटनाचा दिवा हाय. तिला काय ठावं?" त्या संध्याकाळी तू रॉकेलचा डबा उचललास आणि मी पुढे वाकून चिमणी फुंकली. अंधारातच तुझा हात माझ्या कानावर बसला. "लक्ष्मीला फुकतीस व्हय? बाप गिरणीत हाय तुझा!"

मी अबोला धरला. तू मधूनमधून डिवचायचीस, "नगं बोलू. मुकी सून करून घेतील लोक, बरं पडंल त्यांना." मला हसू यायचं, पण मी तोंड फिरवायची. अबोल्याच्या पाचव्या दिवशी शेजारच्या विणकरांकडे बारसं होतं. मामाने भाऊबीजेला दिलेली नायलॉनची साडी तू पहिल्यांदा नेसलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी विड्या पोचवायच्या होत्या, म्हणून परत आल्यावर साडी न बदलताच सूप घेऊन बसलीस. थोड्या वेळाने वात फडफडू लागली. तू झाकण उचललंस, डबा कलता केलास. रॉकेल थोडं सांडलं ते पदरावर. तुझं लक्ष बाटलीच्या तोंडाकडे होतं. मला पदर दिसत होता. तो खांद्यावरून सरकत सरकत तुझ्या डाव्या हाताकडे चालला होता. 'आई, पदर', एवढे दोनच शब्द बोलायचे होते. आधी तू नीट बोल, मग मी बोलेन, असं माझ्या मनात होतं.

पुढचं तुला माहीत आहे.

दवाखान्यात तू दोन दिवस होतीस. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला आत आणलं. तू डोळे न उघडता विचारलंस, "पोरगी कुटं हुती तवा?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नळावर."  तू म्हणालीस, "बरं झालं, बाय." पुढे सगळ्यांना मी तेच सांगितलं. बाबा जाईपर्यंत तेच मानत होते.

वाटून उरलेला एक दिवा समोर जळतो आहे. विझवायला बटण मी दाबलेलं नाही, कधीच दाबत नाही. तो आपोआप मंद होईल. हे कागद त्याच्या रिकाम्या खोक्यात घालून ठेवीन, पाठवायचे तरी कुठे?

मी घरातच होते, आई. त्या दिवशी नळाला पाणी आलंच नव्हतं. सकाळी रिकामी घागर घेऊन तूच परत आली होतीस.